ताईच्या वतीने मीच बोलले

पनवेलच्या एका त्वचेच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काम करते आहे. पेशंट आत डॉक्टर मॅडमकडे जाण्याआधी त्याला समोर बसवायचं आणि सगळी माहिती लिहून घ्यायची, हे माझं काम होतं. न्हावा शेव्याकडचे कंटेनर चालवणारे येतात, त्यांचा खिडकीकडचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळवंडलेला असतो. उभं आयुष्य मिठागरात गेलेल्या बायका येतात, दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग घेऊन. मुरमांचे खड्डे पडलेली कॉलेजची मुलं येतात. सगळ्यांना मी एक प्रश्न न चुकता विचारायचे, उन्हात किती वेळ असता? आणि जवळजवळ सगळेच थोडं खोटं सांगतात. ‘छे, उन्हात कुठे जातो!’ मग मी हातातलं घड्याळ काढायला सांगायचे. पट्ट्याखालची कातडी आणि बाकीचा हात यांत जेवढा फरक, तेवढं ऊन. हे मला मॅडमनीच शिकवलं.

हे आधी सांगायचं कारण, मला सगळं माहीत होतं. मी जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला अलिबागजवळ नागावला दिली. भावोजींची समुद्रावर टपरी आहे. शहाळी, कोकम सरबत, उकडलेल्या शेंगा, गरम भजी. दसऱ्यापासून पाऊस लागेपर्यंत दोघं तिथेच. टपरीवर झावळ्यांचं छप्पर आहे, पण गिऱ्हाईक बसतं बाहेर वाळूत मांडलेल्या खुर्च्यांवर, आणि ट्रे घेऊन दिवसभर फिरते ती ताई. वरून ऊन, खालून वाळूची आणि पाण्याची चमक. तिच्या कपाळावर आणि गालांवर वांग आहे, आणि डाव्या गालावर, डोळ्याच्या खालपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, भाजल्याचे तीन व्रण आहेत. मधला सुपारीएवढा. तिथली कातडी आक्रसून चामड्यासारखी झाली आहे, त्यामुळे हसताना ओठ त्या बाजूला जरासा अडकतो.

ते व्रण माझ्यामुळे झाले.

आमचं गाव मुरुडच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मे महिन्यात काजूच्या बिया गोळा करून त्या घरामागे भाजायच्या, हे आम्हा पोरींचं काम. काजूची बी भाजणं म्हणजे खेळ नाही. सालात जे तेल असतं ते विस्तवावर भडकतं, फुटतं आणि उडतं, आणि अंगावर जिथे पडेल तिथे कातडी जाते. म्हणून भोकं पाडलेल्या पत्र्यात बिया टाकायच्या, लांब काठीने हलवायच्या, सगळं तेल जळून गेलं की वर राख टाकायची आणि मगच जवळ जायचं. ताई तेव्हा तेरा वर्षांची, मी आठ. काठी तिच्या हातात होती. मला धीर नव्हता. ती सारखी म्हणत होती, ‘थांब, मागं हो, अजून ओल्या टाकू नको.’ ती पत्रा सरळ करायला वाकली आणि मी ओंजळभर ओल्या बिया थेट विस्तवात फेकल्या.

आवाज झाला. ताई ओरडली नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती खाली बसली, एवढंच मला आठवतं.

आई धावत आली. ‘काय झालं?’ तिने विचारलं, ते मला. ताईला बोलताच येत नव्हतं. आणि मी सांगितलं, ‘ताई वाकून बघत होती. मी तिला म्हटलं, मागं हो, मागं हो. तिने ऐकलंच नाही.’

ताईचेच शब्द मी माझे करून सांगितले. आईने आधी ताईच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला जवळ घेऊन रडायला लागली. गावात होतं नव्हतं ते औषध झालं, दुसऱ्या दिवशी अलिबागला नेलं. जखमा भरल्या. ताईने खरं काय ते कधीच सांगितलं नाही. मी वाट बघत राहिले. आज सांगेल, उद्या सांगेल. मग वाट बघणंही थांबलं.

पण आईचं बोलणं थांबलं नाही. ताईच्या हातून दूध उतू गेलं, बस चुकली, काही झालं की आई म्हणायची, ‘मोठी असून अक्कल नाही. त्या दिवशी धाकटीचं ऐकलं असतंस तर हे तोंड झालं नसतं.’ हे मी वर्षानुवर्षं ऐकलं. ताट पुढे ओढून जेवत राहिले. ताईला दोन ठिकाणांहून नकार आला, तेव्हा मी दहावीचा अभ्यास करत होते. तिसरं स्थळ भावोजींचं. भला माणूस. त्याने व्रणाकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि होकार दिला. संसार चांगला झाला. त्यामुळे माझा गुन्हा लहान झाला असं मात्र मला कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी ताईच्या मुलीचं, माझ्या भाचीचं लग्न ठरलं, फेब्रुवारीतलं. त्याच दिवसांत आमच्या दवाखान्यात व्रणांसाठीचं नवीन लेसर आलं होतं. बारीक बारीक ठिपक्यांच्या जाळीत ते कातडी जाळतं, मधली कातडी शाबूत राहते, आणि भरून येताना व्रण मऊ होतो. मी रोज लोकांचे आधीचे आणि नंतरचे फोटो बघत होते. माझ्या डोक्यात एकच बसलं, लग्नाआधी ताईचा गाल नीट करायचा. घरच्यांसाठी मॅडम पैसे घेत नसत, तेही कारण हाताशी होतंच.

ताईला फोन केला तेव्हा ती हसली. ‘आता माझ्या तोंडाकडं कोन बघतंय, बाय? लोक नवरीला बघतील.’

‘तू ये तर खरी. बाकीचं मी बघते.’

‘टपरी हाय ना. दिवाळी तोंडावर आली.’

‘एक दिवस भावोजी बघतील.’

ती आली. ऑक्टोबरचा मध्य होता. मॅडमनी तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं, गाल बोटांनी ताणून बघितला, भिंगातून बघितलं. मग म्हणाल्या, ‘वांगाला मी लेसर लावणार नाही ताई, ते उलट वाढेल. त्याला मलम आणि सावली. व्रणाचं मात्र करता येईल, हळूहळू, तीन-चार वेळा. पण आपली कातडी सावळी आहे. उन्हातली कातडी लेसरला रागावते. उन्हात किती असता?’

ताईने तोंड उघडलं. मी मध्येच म्हणाले, ‘घरीच असते मॅडम. वाडीत सावलीच असते सगळी.’

मला ठाऊक होतं की खरं सांगितलं तर मॅडम म्हणणार, सीझन संपू दे, जूनमध्ये या. जूनमध्ये लग्न होऊन चार महिने झाले असते. ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात घड्याळ नव्हतं, आणि माझ्याच बहिणीच्या बांगड्या सरकवून बघावं असं मॅडमना वाटायचं कारण नव्हतं. ऑक्टोबर असल्यामुळे पावसाळ्याचा उजळपणा तिच्या तोंडावर अजून थोडा होता. तिने कागदावर सही केली.

जबड्याखाली एक लहानसा तुकडा करून बघितला. दोन आठवड्यांनी तो छान दिसला. दिसणारच, तिथे ऊन पोचत नाही. मग दिवाळीच्या आधी पहिली बैठक झाली. बधिर करायचं मलम लावून पाऊण तास बसवलं, डोळ्यांवर धातूची झाकणं ठेवली. मी तिचा हात धरला होता. मशीनचा टकटक आवाज, थंड हवेची नळी, आणि जळक्या केसासारखा वास. तो वास मला रोजचा आहे. त्या दिवशी मात्र मी तोंड फिरवलं. ताईनेच माझा हात दाबला.

‘दुखतंय?’ मी विचारलं.

‘न्हाय. तू बस खाली.’

मी तिला टोपी दिली, उन्हाचं मलम दिलं, दर तीन तासांनी लाव म्हणून सांगितलं. आठवड्याने खपल्या पडल्या आणि गाल गुलाबी झाला. तिने फोटो पाठवला. मी तो दहा वेळा बघितला. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी विनाकारण सगळ्या दवाखान्याला चहा पाजला.

मग दिवाळीची सुट्टी लागली. नागावच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ताई टोपी घालून दोन दिवस राहिली, वाऱ्याने ती उडायला लागल्यावर ओढणी बांधून राहिली. घामाबरोबर मलम डोळ्यांत उतरायचं, हात सारखे शेंगांच्या पाण्यात आणि तेलात. तिसऱ्या दिवसापासून तिने मलम सोडलं. हे तिने मला फोनवर सांगितलंसुद्धा. ‘जमत न्हाय गं, बाय.’ मी म्हणाले, ‘जमेल तेवढं लाव.’ दवाखान्यात हे मी कोणाला सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी दुसरी बैठक झाली, आणि रंग जरा रापलेला बघून मॅडमनी फिरून विचारलं तेव्हा मी पुन्हा म्हणाले, ‘घरीच होती.’ ताई खाली बघत होती.

डिसेंबर संपता संपता तिचा फोटो आला. काही लिहिलं नव्हतं, नुसता फोटो. पूर्ण डावा गाल काळा ठिक्कर, आणि नीट बघितलं तर त्यात मशीनची जाळी दिसत होती, ओळीने ठिपके, चौकोन चौकोन.

मी तो मॅडमना दाखवला आणि त्यांनी तिला लगेच बोलावून घेतलं. तपासून म्हणाल्या, ‘हे जाईल. वेळ लागेल, पण जाईल.’ ताईला त्या शांतपणे म्हणाल्या, पण ती गेल्यावर त्या स्वतः शांत नव्हत्या. त्यांना कळेना, घरात बसणाऱ्या बाईला, एवढ्या कमी शक्तीवर असं का झालं. त्यांनी मशीनची नोंद काढली. कंपनीच्या माणसाला बोलावलं. पुढच्या आठवड्यातल्या लेसरच्या सगळ्या वेळा रद्द केल्या. मशीनचे आकडे लावायचं काम माझ्याहून वयाने मोठ्या एका सहकारी बाईंकडे होतं. त्या उरणच्या, दवाखाना निघाल्यापासूनच्या. त्यांना मॅडमनी दोनदा विचारलं, ‘तुम्ही आकडा नक्की कितीवर ठेवला होतात?’ आवाज चढवला नाही, पण विचारलं. दुपारी डबा खाताना त्या मला म्हणाल्या, ‘मी बरोबर लावला होता गं. तू होतीस ना तिथं? तू बघितलंस ना?’

मी म्हणाले, ‘मी बघितलं नाही.’

खरं तर बघितलं होतं. आकडा बरोबर होता.

दोन दिवस मी असे काढले. त्या बाई जेवेनाशा झाल्या. रद्द केलेल्या पेशंटना मीच फोन करत होते, मशीनची तपासणी चालू आहे म्हणून सांगत होते, आणि प्रत्येक फोनला माझ्या तोंडून तेच वाक्य अधिक सफाईदार येत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन उघडायला माणूस आला, स्क्रू काढायला लागला, आणि मला ते बघवेना. मी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं, ‘ताईची समुद्रावर टपरी आहे. ती दिवसभर उन्हात असते. मी खोटं सांगितलं. दोन्ही वेळा.’

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘निम्मं मी डोळ्यांनी बघून ठरवते. निम्मं तुम्ही लिहून देता त्यावर. अकरा वर्षं मी तुझ्या कागदावर विश्वास ठेवला.’ मग त्यांनी विचारलं, ‘कशासाठी?’

लग्नासाठी, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते खरं नव्हतं. मी म्हणाले, ‘तिचा गाल बघितला की मला त्रास होतो.’

‘तिला होतो का?’

मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून माहिती लिहून घेण्याचं काम माझ्याकडून गेलं. मला फाइलींच्या खोलीत बसवलं. काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं पहिले काही दिवस वाटायचं. उरणच्या बाईंची मी माफी मागितली. ‘बरं,’ एवढंच त्या म्हणाल्या. डबा मात्र त्यांनी पुढे कितीतरी दिवस दुसऱ्या टेबलावर खाल्ला.

पुढच्या रविवारी मी नागावला गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कमी होतं. ताई टपरीच्या आत, सावलीत, शेंगा निवडत बसली होती. काळा गाल माझ्याकडे होता. मी दवाखान्यात काय झालं ते सांगितलं, आणि मग काजूचंही बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्याच्याने ते नीट सांगवलं नाही, मी रडायला लागले.

ताई शेंगा निवडतच राहिली. ‘तुला काय वाटलं, मी इसरले?’

‘मग बोलली का नाहीस कधी?’

‘तवा तू लहान होतीस. मार पडला आसता तुला. मना वाटलं, आपन मोठे हाव, र्‍हाऊ दे. मग आई रोज बोलायला लागली. मग मना सांगायचं होतं, पन तवा कोन इस्वास ठेवनार? म्हनाली आसती, आता बहिनीवर ढकलतेय.’ तिने सुपातला कचरा वाऱ्यावर उडवला. ‘तोंडाचा राग न्हाय मना. बिनअकलेची म्हनून मी त्या घरात वाढले, त्याचा हाय. अक्कल होती मना. मीच सांगत होते, मागं हो म्हनून.’

‘ताई, मी...’

‘आनि ह्या वेळी तरी इचारायचं होतंस. तुझ्या मॅडमसमोर तुला खोटी पाडू का? तुझी नोकरी तिथं. म्हनून गप बसले. दोन्ही वेळा तू बोललीस नि मी भोगलं.’

ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती शेंगांच्या पातेल्यात मीठ टाकत होती, चव बघत होती, आणि मधूनमधून हे बोलत होती. एक कुटुंब आलं, त्यांना तिने शहाळी दिली. त्यातल्या लहान मुलीने तिच्या गालाकडे टक लावून बघितलं. ताईने तिला जादा मलई काढून दिली.

मी तिथून निघाले ती आईकडे जायचं ठरवूनच. मला वाटलं, ताईच्या नावावरचा हा डाग तरी आपण धुऊन काढावा. आई आता सत्तरीची, गावी भावाकडे असते. पुढच्या आठवड्यात मी गेले, तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, रागवेल, मारेल, काहीतरी करेल. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. म्हणाली, ‘मी तिला मारलं. भाजलेल्या पोरीला मी मारलं.’ रात्री मी पनवेलला परतल्यावर भावाचा फोन आला, आई जेवली नाही म्हणून. दुसऱ्या दिवशीही तेच. लग्नापर्यंत ती अशीच राहिली. एखादं काम करता करता मध्येच थांबायची आणि ते वाक्य पुटपुटायची.

ताईला कळलं तेव्हा तिने मला फोन केला. त्या दिवशी ती ओरडली. ‘म्हातारीला कशाला सांगितलंस? मना इचारलंस? माझी गोष्ट होती ती. मी सांगायची का न्हाय, ते मी बघितलं आसतं. तुला हलकं व्हायचं होतं, तू झालीस हलकी!’

मी झाले नव्हते, पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता. खोटं बोलून जे केलं तेच मी खरं बोलूनही केलं होतं. पुन्हा तिला वगळून.

लग्नात मेकअप करणाऱ्या मुलीने ताईच्या गालावर जाड थर दिला. काळ्यावर तो राखेसारखा दिसायला लागला. ताईने आरशात बघितलं, उठली, मोरीत जाऊन साबणाने तोंड खसाखसा धुतलं आणि तशीच मांडवात गेली. फोटोत तिचा गाल आहे तसाच आला आहे, ठिपक्यांसकट. बायका विचारत होत्या, ‘काय झालं गं?’ ‘औषध मानवलं न्हाय,’ ती सांगत होती. माझ्याकडे तिने बोट दाखवलं नाही. आई पूर्ण वेळ तिच्या शेजारी बसून होती, तिचा पदर धरून, आणि माझ्याशी दोघींपैकी कोणी फारसं बोललं नाही. मी अक्षता वाटल्या, पंगतीत वाढलं, जे सांगितलं ते केलं.

काळेपणा हळूहळू उतरला. एप्रिलपर्यंत जाळी पुसट झाली. मॅडमनी मलमं दिली, ती पोस्टाने जायची. मी फक्त पत्ता लिहायचे.

जूनमध्ये पाऊस लागला, टपऱ्या उठल्या. एका सकाळी मी फाइली लावत होते, तर उरणच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, ‘तुझी बहीण आली आहे.’ ताईने परस्पर फोन करून वेळ घेतली होती. मी बाहेर आले तेव्हा ती मॅडमच्या खोलीत गेलीसुद्धा होती. मी बाकावर बसले. दार बंद होतं. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ ती बोलत होती. मध्ये एकदा मॅडम हसल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘काय ठरलं?’

‘लेसर नको म्हनाले मी. मॅडम म्हनाल्या, आता पावसाळ्यात करता येईल, व्रण अजून मऊ होईल. मी म्हनाले, व्रण हाय तसा र्‍हाऊ दे, मना त्याचा काय तरास न्हाय. वांगाचं मलम तेवढं द्या, कपाळ काळं दिसतं.’

‘तुझी खात्री आहे?’

‘व्हय.’

म्हणजे तो व्रण राहणार. मी नागावला जाईन तेव्हा प्रत्येक वेळी तो मला दिसणार, तिच्या हसण्यात अडकणार. हे मला तिथे बाकावरच कळलं, आणि त्यात तक्रार करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तिने मलमाची पिशवी पर्समध्ये टाकली, छत्री उचलली. अलिबागची एसटी वीस मिनिटांनी होती. मी म्हणाले, ‘स्टँडपर्यंत येऊ का?’

तिने जरा विचार केला. ‘नको,’ म्हणाली. ‘जाते मी.’

मी जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.